बावधनच्या तिसऱ्या मजल्यावर फोन का लागत नव्हता : एका घराचा प्रकरण अभ्यास

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक काका-काकू राहतात. दोघांचीही सत्तरी उलटलेली, मुलगी अमेरिकेत, मुलगा बेंगळुरूला. इमारत बारा मजली, बावधनमध्ये वेताळ टेकडीच्या अंगाला. मुलाचं म्हणणं असं की संध्याकाळी ऑफिसातून सुटल्यावर आईला फोन लावला की बहुतेक वेळा 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर' एवढंच ऐकू येतं. काकूंचं म्हणणं असं की फोन तर माझ्या हातातच होता, वाजलाच नाही. बँकेचा ओटीपी गॅलरीत जाऊन उभं राहिल्यावर येतो आणि तोवर वेळ संपलेली असते. सिलिंडर घेऊन आलेला मुलगा दारात कोडची वाट बघत थांबतो. हे सगळं त्यांनी दोन-तीन वर्षं 'आमच्याकडे रेंजच नाही' म्हणून सोसलं. मग एका रात्री काकांना चक्कर आली. बेडरूममधून डॉक्टरांना फोन लागेना, म्हणून काकू काकांना तिथेच सोडून गॅलरीत धावल्या. साखर उतरली होती, वेळेवर कळलं, निभावलं. पण त्या रात्रीनंतर ही निव्वळ गैरसोय राहिली नाही.

मी दूरसंचार क्षेत्रात काम केलेलं असल्यामुळे मुलाने मला विचारलं. तोवर घरात बरेच उपाय होऊन गेले होते. मोठ्या रकमेचं रिचार्ज झालं होतं, मुलीने अमेरिकेतून नवा महागडा फोन आणला होता, फोनच्या पाठीला चिकटवायचं 'सिग्नल वाढवणारं' स्टिकरसुद्धा कुणीतरी दिलं होतं. त्या स्टिकरने काहीही होत नाही, हे इथेच सांगून टाकतो. या सगळ्या उपायांत एक गोष्ट कुणीच केली नव्हती. घरात सिग्नल नेमका कुठे, किती आणि केव्हा असतो, हे मोजलं नव्हतं.

मोजल्यावर काय दिसलं

फोनवरच्या दांड्यांवर भरवसा ठेवू नये. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन बनवणारी कंपनी आपापलं ठरवते, त्यामुळे एकाच जागी दोन फोन वेगवेगळ्या दांड्या दाखवतात. खरा आकडा डीबीएम या सिग्नलची ताकद मोजायच्या एककात असतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाइप केलं की तो दिसतो, नाहीतर सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मधल्या सिम स्टेटसखाली सापडतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करायचं. आकडा उणे असतो. ४जीसाठी ढोबळमानाने उणे ९०च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १००ला बेताचं, उणे ११०च्या खाली बोलणं तुटायला लागतं, आणि उणे १२०च्या जवळ फोन नेटवर्क धरून ठेवूच शकत नाही.

काकूंच्या सिमचे आकडे असे आले : पश्चिमेच्या गॅलरीत उणे ९२, हॉलमध्ये सोफ्यावर उणे १०२, स्वयंपाकघरात ओट्यापाशी उणे १११, आणि बेडरूममध्ये त्यांच्या उशाशी उणे १२१. हे माप साधं नाही, दर १० डीबीला सिग्नल दहापट पडतो. म्हणजे गॅलरी आणि बेडरूम यांच्यात २९ डीबीचा फरक, जवळपास आठशेपट. एकाच घरात, तीस-चाळीस पावलांच्या अंतरात.

एवढ्या क्षीण सिग्नलला फोन मधूनमधून नेटवर्क सोडतो, पुन्हा शोधतो, पुन्हा पकडतो. नेमका त्या शोधाशोधीत कुणी कॉल केला तर टॉवरने घातलेली हाक फोनपर्यंत पोचतच नाही आणि समोरच्याला 'कव्हरेजच्या बाहेर' ऐकू येतं. मिनिटभराने काकू स्क्रीनकडे बघतात तर एक दांडी दिसते. मुलगाही खरं सांगत होता आणि काकूही.

बोलताना 'तुझा आवाज येतोय पण माझा जात नाहीये' असंही व्हायचं. त्याचंही कारण सरळ आहे. टॉवरकडे दहा-दहा वॉटच्या हिशेबात ताकद असते, तर ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॉटने बोलू शकतो. वाट बिकट झाली की आधी फोनकडून टॉवरकडे जाणारा आवाज तुटतो. शिवाय अशा जागी फोन सतत पूर्ण जोर लावत राहतो. काकूंचा फोन दुपारपर्यंत गरम होऊन निम्म्यावर यायचा, तो त्यामुळेच. बॅटरी खराब नव्हती.

संध्याकाळच का?

मला सगळ्यात जास्त खटकत होतं ते मुलाचं एक वाक्य : 'सकाळी फोन केला तर बऱ्याचदा लागतो, संध्याकाळी नाही.' संध्याकाळी टॉवरवर गर्दी असते हे खरं, पण गर्दीने नेट मंदावतं, हॉलमधला सिग्नलचा आकडा असा कोसळत नाही. म्हणून दिवेलागणीला पुन्हा आकडे बघितले. हॉलमध्ये उणे ११०. सकाळच्या मानाने सहापट कमी.

गॅलरीचा दरवाजा तीन ट्रॅकचा, अ‍ॅल्युमिनियमचा सरकता. दोन तावदानं काचेची, एक जाळीचं. पश्चिमेचं ऊन लागतं म्हणून बिल्डरने ऊन परतवणारी आरशासारखी काच बसवलेली. त्या काचेवर धातूचा अतिशय पातळ लेप असतो आणि तो उन्हाबरोबर मोबाईलच्या लहरीही परतवतो. तेव्हा सिग्नलला हॉलमध्ये यायला खरी वाट एकच, दरवाजाचा उघडा अर्धा भाग. सकाळी तो सताड उघडा. संध्याकाळी पाच वाजले की काकू डासांसाठी त्यावर जाळी ओढून घेतात. ही जाळी स्टीलची, बारीक विणीची. १८०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साधारण साडेसोळा सेंटिमीटर असते. त्या लहरीला मिलिमीटरभर भोकांची स्टीलची जाळी जवळजवळ सलग पत्र्यासारखीच. काकूंना दरवाजापाशी उभं करून जाळी सरकवायला सांगितली आणि फोनवरचा आकडा त्यांच्यासमोर खाली-वर होताना दाखवला. उघडी, उणे १०२. बंद, उणे १०९, ११०. त्यांनीच ती परत परत सरकवून बघितली आणि मग म्हणाल्या, 'अहो, म्हणजे माझ्या हातानेच बंद होत होतं होय!'

दुसऱ्याच दिवशी स्टीलची जाळी काढून फायबरग्लासची बसवली. डास तितकेच अडतात, सिग्नल अडत नाही. खिडक्यांचं काम करणारा माणूस अर्ध्या तासात बदलून गेला. खिडकीच्या गजांबद्दल मला नेहमी विचारतात. गजांमध्ये तळहाताएवढी फट असेल तर फारसा फरक पडत नाही, अडवते ती बारीक जाळी.

हॉल सावरला. बेडरूम तशीच.

भिंती आणि टेकडी

बेडरूम पूर्वेला, टेकडीकडे तोंड करून. त्या बाजूला टॉवर नाही, वनखात्याची हिरवी चढण आहे. टॉवर सगळे पश्चिमेला, मुख्य रस्त्याकडे. तिथून निघालेला सिग्नल बेडरूमपर्यंत यायचा तर हॉल ओलांडायचा, लिफ्टच्या शाफ्टला वळसा घालायचा आणि मधल्या भिंती भेदायच्या. या भिंती विटांच्या असत्या तर निभावलं असतं. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुण्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या कित्येक उंच इमारतींसारखी ही मायव्हन पद्धतीची आहे. अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून एका दमात भिंत, स्लॅब सगळं काँक्रीटचं ओततात. म्हणजे बेडरूमची आतली भिंतसुद्धा सळ्या घातलेलं काँक्रीट. बांधकाम भक्कम, भेगा कमी, पण रेडिओ लहरींच्या दृष्टीने अशा खोलीत शिरणं अवघड. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांत वेगळी अडचण असते, तिथे भिंती जाड पण काँक्रीट-लोखंड नाही. त्यामुळे वाड्यात लागू पडलेला उपाय बावधनला लागू पडेलच असं नाही.

लहरीची जातही महत्त्वाची. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा भिंतीतून बऱ्यापैकी आत येतो, २३०० मेगाहर्ट्‌झचा लवकर थकतो, आणि शहरातलं बरंचसं ५जी ज्यावर चालतं तो ३३०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा तर काँक्रीटपुढे लगेच हात टेकतो. काकूंचा फोन ५जी पकडायला धडपडायचा, सोडायचा, ४जीवर यायचा. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये '४जी' निवडल्यावर ही धडपड थांबली, बॅटरीही जास्त टिकली. घरात रेंज कमी असेल तर ५जीचा हट्ट सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

काकांचं सिम दुसऱ्या कंपनीचं. त्याच उशाशी ते उणे ११४ दाखवत होतं, कारण ते ९०० मेगाहर्ट्‌झवर होतं. मुलगा लगेच म्हणाला, मग आईचा नंबर त्या कंपनीकडे पोर्ट करून टाकू. १९००वर मेसेज करायचा, कोड आला की दुकानात जायचं, आपल्याच सर्कलमध्ये, म्हणजे आपल्याच दूरसंचार प्रदेशात, साधारण तीन कामाच्या दिवसांत कंपनी बदलते, नंबर तोच राहतो, सोपं आहे. पण उणे ११४वरही बोलणं तुटतच होतं. एकदा पोर्ट केलं की ९० दिवस परत फिरता येत नाही. बँक, पेन्शन, आधार सगळं त्याच नंबरावर. पोर्ट करण्याआधी त्या कंपनीचं सिम असलेला कुणाचाही फोन घरात आणून, ज्या खोलीत अडचण आहे त्याच खोलीत मोजावं. शेजारणीचा, कामवाल्या ताईंचा, पाहुण्यांचा, कुणाचाही चालतो. इथे ते मोजून झालं होतं, म्हणून पोर्टिंग बाजूला ठेवलं.

बूस्टर नको म्हणजे नकोच

यानंतर हमखास येणारी सूचना आलीच. समोरच्या विंगमधल्या एकांनी ऑनलाइन मिळणारा सिग्नल वाढवणारा बूस्टर सुचवला, गच्चीवर एक अँटेना, घरात एक डबा. घराला उपयोग होईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मी विरोध केला, कारणं सांगून. पहिलं कारण कायद्याचं. परवान्याशिवाय असं बिनतारी उपकरण बाळगणं १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून गुन्हा आहे, आणि दूरसंचार विभागाची माणसं असे बूस्टर शोधून जप्त करतात. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्वस्त बूस्टरच्या आतल्या आणि बाहेरच्या अँटेनात पुरेसं अंतर नसलं की तो स्वतःचाच सिग्नल पुन्हा पुन्हा वाढवत सुटतो आणि टॉवरच्या कानात गोंगाट भरतो. त्या टॉवरवर अवलंबून असलेल्या आसपासच्या सगळ्या घरांची रेंज त्याने बिघडते. एका आजारी माणसाच्या घरात फोन लागावा म्हणून दुसऱ्या आजारी माणसाचा तोडायचा, हे मला मान्य नाही. कंपनीने स्वतः, तिच्या परवान्याखाली बसवलेलं उपकरण ही वेगळी गोष्ट.

तेव्हा कंपनीकडेही गेलो. १९८वर तक्रार, तक्रार क्रमांक, मग उत्तर : 'आपल्या भागात सिग्नल समाधानकारक आहे.' रस्त्यावर तो होताच. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०२४च्या नियमांमुळे कंपन्यांना आपल्या कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर टाकावे लागतात, आणि त्या नकाशात ही इमारत रंगलेली दिसते. नकाशाला काँक्रीटच्या आतली उशी दिसत नाही. म्हणून अपिलात आम्ही खोलीवार आकडे, जाळी उघडी-बंद असतानाचे फोटो आणि मजला असं सगळं जोडलं. अपील कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे करायचं असतं, त्याला पैसे लागत नाहीत, आणि ते ३० दिवसांत करावं. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि तिथे पत्रं लिहिण्यात वेळ जातो. अपिलावर एक इंजिनियर येऊन आकडे तपासून गेला, जागेवर नवीन टॉवर 'प्रस्तावित' असल्याचं लेखी आलं. तो होईल तेव्हा होईल. काकूंना फोन आज हवा होता.

वाय-फायवरून कॉल

घरात फायबरचं ब्रॉडबँड होतंच. २०१९च्या अखेरीपासून भारतात वाय-फायवरून साधा मोबाईल कॉल करता येतो. कुठलं अ‍ॅप लागत नाही, नंबर तोच, समोरच्याला काही वेगळं कळत नाही, जादा पैसेही पडत नाहीत. सेटिंग्जमध्ये सिमखाली 'वाय-फाय कॉलिंग' चालू करायचं, एवढंच. काकांच्या साध्या, इथल्याच दुकानातून घेतलेल्या फोनवर ते लगेच चालू झालं. काकूंच्या महागड्या फोनवर तो पर्यायच दिसेना. अमेरिकेतल्या बाजारासाठी बनवलेल्या फोनच्या काही मॉडेलांत इथल्या कंपन्यांच्या वाय-फाय कॉलिंगची सोय नसते, आणि हा त्यातलाच निघाला. मुलीने प्रेमाने आणलेला फोन बाजूला ठेवायला काकूंना जड गेलं. शेवटी त्यांनी त्या फोनचा उपयोग नातवंडांच्या व्हिडिओ कॉलसाठी आणि फोटोंसाठी ठेवला, आणि सिम इथल्या एका मध्यम किमतीच्या फोनमध्ये घातलं.

पण बेडरूममध्ये वाय-फायही धड येत नव्हतं. राउटर हॉलमध्ये टीव्हीखाली, आणि मधली काँक्रीटची भिंत त्यालाही तशीच अडवत होती. मुलगा वायरविना चालणारा रिपीटर घेणार होता. तो बेडरूममध्ये ठेवला असता तर मिळणारा मोडका सिग्नलच पुढे वाढवून दिला असता. अशा भिंतींच्या घरात वायरच ओढावी लागते. सुदैवाने बिल्डरने बेडच्या डोक्याशी टेलिफोनचा पॉइंट दिला होता. वीस वर्षांपूर्वी लँडलाइनसाठी देत, त्या सवयीने अजून देतात, आणि कुणी तो उघडूनही बघत नाही. इलेक्ट्रिशियनने पट्टी उघडली, आत जुनी टेलिफोनची वायर. तिच्या टोकाला इंटरनेटची कॅट-सिक्स केबल बांधली, चिकटपट्टी गुंडाळून निमुळती केली, हॉलच्या बाजूने एकाने ओढली, बेडरूमच्या बाजूने दुसऱ्याने हळूहळू सोडली. एका वळणावर अडकली, जरा मागे घेऊन पुन्हा ओढली आणि आली. भिंत फोडावी लागली नाही. त्या केबलवर बेडरूममध्ये दुसरा छोटा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे त्याच वाय-फायचं दुसरं केंद्र म्हणून लावला, नाव आणि पासवर्ड हॉलमधल्याच राउटरचा, म्हणजे फोन आपोआप एकावरून दुसऱ्यावर जातो. खर्च दोन-अडीच हजारांच्या आत राहिला.

तपासणी अशी केली. फोन फ्लाइट मोडवर टाकला, मग फक्त वाय-फाय चालू केलं. आता मोबाईल नेटवर्कचा प्रश्नच नाही, कॉल लागला तर तो वाय-फायवरूनच. बेडरूमचं दार लावून काकूंनी मुलाला फोन केला, मुलाने उलटा केला, बँकेच्या अ‍ॅपमधून ओटीपी मागवला. तिन्ही गोष्टी झाल्या. त्यानंतर फ्लाइट मोड काढला आणि वाय-फाय कॉलिंगमध्ये 'वाय-फायला प्राधान्य' निवडलं. हे राहून गेलं तर फोन उणे १२१च्या त्या मरगळलेल्या सिग्नलला चिकटून बसतो आणि वाय-फाय चांगलं असूनही कॉल तुटतो. मला भेटलेल्या 'वाय-फाय कॉलिंग चालत नाही' अशा तक्रारींपैकी बऱ्याच इथेच सुटतात.

वीज गेली तर?

हा प्रश्न काकांनी विचारला आणि तो सगळ्यात मोलाचा होता. आता फोन विजेवर अवलंबून होता. घरात इन्व्हर्टर होता, पण त्यावर दिवे-पंखे, राउटरचा पॉइंट नव्हता. हॉलमधला फायबरचा डबा आणि राउटर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घेतले, बेडरूमच्या राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. मग मेन स्विच पाडून बघितलं. घरातलं सगळं चालू, तरी थोड्या वेळाने इंटरनेट गेलं. ब्रॉडबँडवाल्याचा नेटवर्क स्विच, म्हणजे घराघरांत इंटरनेट वाटणारा डबा, जिन्याच्या डक्टमध्ये, आणि त्याची छोटी बॅटरी मेलेली. मेन स्विचचा त्याच्याशी संबंध नव्हता, योगायोगाने त्याच वेळी पाचव्या मजल्यावर काम चालू असल्याने डक्टची लाइन बंद केलेली होती, म्हणून ते उघडकीला आलं. ब्रॉडबँडवाल्याने बॅटरी बदलली आणि सोसायटीने तो पॉइंट जनरेटरवर घेतला. फायदा फक्त या घराला नाही, त्या विंगमधल्या सगळ्यांना झाला.

शिवाय फायबरच्या डब्याला मागे टेलिफोनचं भोक होतं. ब्रॉडबँडबरोबर लँडलाइन मिळत होती, कधी सुरू करून घेतलेली नव्हती. ती सुरू करून घेतली, काकूंनी माळ्यावरचा बटणांचा जुना फोन काढला, पुसला, जोडला. डॉक्टर, १०८ आणि शेजाऱ्यांचे नंबर मोठ्या अक्षरांत वर भिंतीवर लावले. म्हाताऱ्या माणसांच्या घरात अडीअडचणीला एकापेक्षा जास्त वाटा असाव्यात, आणि त्या कुठल्या ते दोघांनाही पाठ असावं. काकूंना पाठ आहे : बेडरूममध्ये मोबाईल, हॉलमध्ये लँडलाइन, सगळंच गेलं तर गॅलरीचा उजवा कोपरा, जिथे उणे ९२ मिळतं.

लिफ्ट आणि तळघरातलं पार्किंग मात्र तसंच आहे. तिथे घरगुती उपाय नाही, इमारतीच्या आत अँटेनांचं जाळं कंपन्यांनीच उभारावं लागतं. गच्चीवर अँटेना म्हटलं की सभेत किरणोत्सर्गाची भीती निघते, ती मी हसण्यावारी नेत नाही. एवढंच सांगतो की भारतात टॉवरसाठीची मर्यादा सप्टेंबर २०१२पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, कुठल्या टॉवरचं काय ते 'तरंग संचार' पोर्टलवर बघता येतं, आणि सिग्नल क्षीण असला की पूर्ण जोर लावणारा फोन आपल्याच कानाला टेकलेला असतो. समितीने दोन कंपन्यांना पत्र दिलं आहे. त्यासोबत लिफ्ट, पार्किंग आणि पूर्वेकडच्या सगळ्या बेडरूमचे आकडे जोडायचे आहेत. पाचव्या आणि नवव्या मजल्यावरच्या घरांनी मोजून पाठवले, बाकीच्यांचे यायचे आहेत.